ओढ लावलेला पाय

वडगावहून सुताचे गठ्ठे आणताना ओढ्याच्या उतारावर बैल बुजले, गाडी कलंडली आणि नागोजीच्या उजव्या मांडीवरून चाक गेलं. फळीवर घालून त्याला शहापुरातल्या घरी आणलं, तेव्हा पाय गुडघ्याच्या वर भलतीकडंच वळला होता. मालुबाई मागाशेजारी सुताच्या कांड्या भरत बसली होती. नवऱ्याचा पाय बघून तिच्या हातातलं सूत तुटलं.

सासूनं अनगोळच्या भरमूआप्पाला बोलावणं धाडलं. आसपास कुणाचाही हातपाय मोडला की तोच बसवायचा. त्यानं पाय ओढून सरळ केला, अंड्याचा लेप लावला, बांबूच्या कांब्या लावून करकचून बांधलं आणि बजावलं, "मी येईस्तवर सोडू नगासा."

दुसऱ्या दिवशी नागोजीची बोटं निळसर दिसायला लागली. मालुबाईनं अंगठा चिमटून बघितला. त्याला कळलंच नाही.

"आत्ती, बोटं गार पडल्यात. सोडते मी."

"आप्पानं काय सांगितलंय?" सासू म्हणाली.

"सांगितलंय. पर बोटाला जीव न्हाय."

तिनं पट्ट्या ढिल्या केल्या. हळूहळू बोटांत रक्त उतरलं आणि नागोजी कण्हायला लागला. ते कण्हणं ऐकून तिला बरं वाटलं. आप्पा आला तेव्हा तो रागावेल म्हणून ती बाजूला उभी राहिली. पण त्यानं मांडी चाचपली आणि कपाळाचा घाम पुसत खाली बसला.

"बरं केलंस पोरी. लई आवळलं हुतं मी. हाताचं हाड असतं तर बसवलं असतं. ह्ये मांडीचं. भवतीचं मांस ताकदीचं, त्ये मोडकी टोकं एकमेकांवर चढवतंय. माझ्या कांब्यास्नी आवरणार न्हाय. दवाखान्यात न्ह्या."

शहापूर गाव संस्थानच्या हद्दीत, तर दवाखाना इंग्रजी हद्दीत, रेल्वेच्या फाटकापलीकडं. तिथल्या डॉक्टरांनी पायाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना दोरी बांधली, ती खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडून वजन टांगलं. पायथ्याखाली विटा घालून खाट उंच केली. मालुबाई घाबरून बघत होती.

"बाई, ही ओढ रात्रंदिवस राहिली पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "ओढ सुटली की टोकं परत एकावर एक चढतील. तशीच जुळली तर पाय आखूड. आधी तिथं मऊ हाड धरेल, मग ते घट्ट होईल. घाई चालणार नाही."

मागावरचा उभ्या सुताचा ताणा सैल पडला की सूत गुंततं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं मान हलवली.

मग तिचे दिवस सारखेच झाले. घरात विणणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून पहाटे ती स्वतःच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली. लग्नाआधी बापाच्या मागावर चार हात मारले होते, तेवढ्यावर. लुगड्याचा पदर वाकडा निघायचा, उसवून पुन्हा विणायची. दुपारी भाकरी घेऊन दवाखान्यात. तिथं त्याचं अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून तेल चोळायचं, भांडं द्यायचं, उचलायचं. संध्याकाळी पुन्हा घर, सासूचं जेवण, कांड्या. फाटक बंद असलं की ती खांबाला टेकून उभी राहायची. गाडी धडधडत निघून गेली तरी तिला कळायचं नाही, मागचा माणूस म्हणायचा, "आक्का, उघडलं."

एका दुपारी नागोजी रडकुंडीला आला.

"मालू, त्ये वजन जरा उचलून धर. घटकाभर. कंबर तुटायला लागलीया."

"न्हाय."

"तुला काय जातंय? पडून मी हाय."

तिचा हात वजनापर्यंत गेलाही होता. घटकाभर त्याला झोप लागली असती, तिलाही टेकता आलं असतं. तिनं हात मागं घेतला.

"पाय आखूड झाला तर जल्मभर माझ्या नावानं बोटं मोडशीला. आता मोडा."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती तेल चोळत राहिली. तिलाही बोलायचा कंटाळाच आला होता.

दोन महिने उलटल्यावर हाड जुळलं. पाय सरळ होता, जवळजवळ दुसऱ्याएवढाच. पण गुडघा लाकडासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस हलला नाही ना. रोज वाकवा, दुखलं तरी." नागोजी कुबड्यांवर घरी आला, पण खड्ड्यात पाय सोडून बसता येईना. तो भिंतीला टेकून कांड्या भरायचा आणि बायकोच्या विणीत चुका काढायचा.

"फणी जोरात आपटतीस."

"उतरा खाली, तुमीच आपटा," ती मान वर न करता म्हणायची.

रोज ती त्याचा गुडघा वाकवायची. तो ओरडायचा, शिव्याही द्यायचा. ती ऐकून घ्यायची आणि आणखी थोडा वाकवायची.

पुढच्या वर्षी सुगी आटपल्यावर एका सकाळी त्यानं कुबडी भिंतीला लावली आणि हातांवर भार देत खड्ड्यात उतरला. धोटा ताण्यात दोन-तीनदा अडकला, मग चालू झाला.

"थकलीस व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय," मालुबाई म्हणाली.

तिनं तिथंच मागाजवळ पटकूर टाकलं आणि उन्हं अंगावर येईपर्यंत झोपली. सासूनं हाका मारल्या. नागोजीनं हातानंच आईला गप्प केलं.