दादाची झोप

आचऱ्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने शाळेच्या दारात चिठ्ठी दिली. ‘दादा पहाटे झोपेतच गेले. निघून ये.’ त्याला आता महिना होऊन गेला. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्या चिठ्ठीतला ‘झोपेतच’ हा शब्द दिसला. माझ्या थोरल्या भावाला झोप लागली होती, आणि तीही इतकी गाढ...

दादा लढाईतून, ब्रह्मदेशातून परतला तो धडधाकट. हातपाय शाबूत, मिशी शाबूत, फक्त झोप तेवढी तिकडेच राहिली. जरा डोळा लागला की दचकून उठायचा आणि घराभोवती फेऱ्या मारायचा. आम्ही शहाणी माणसं! त्याला झोप यावी म्हणून अख्खं घर गप्प केलं. गाईच्या गळ्यातली घंटा काढली, मुसळ गोठ्यापलीकडे नेलं, शेजारच्या पोरांना तंबी दिली, देवळात गाऱ्हाणंही घातलं. घर जितकं शांत, तितका दादा जागा. वर्षातून पंधरा-वीस दिवस मात्र, भातं पिकायला आली की, तो ढाराढूर झोपायचा. कामाने दमत असेल, असं आम्ही समजायचो.

मग सत्तावन्न सालची तापाची साथ आली. मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर ती गावात शिरली आणि ऐन लावणीत घरंच्या घरं आडवी झाली. मी शिकवायचे ती जामसंड्याची शाळा बंद, म्हणून मी आचऱ्याला आले. गावातल्या पुरुषांत उभा होता एकटा दादा. पेजेचा टोप घेऊन घरोघर फिरायचा, पाजायचा, दटावायचा... चार दिवस त्याची पाठ जमिनीला लागली नाही. पाचव्या दिवशी तोच तापाने पडला. डॉक्टरांनी पुड्या दिल्या आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, “यांना झोप मिळाली नाही, तर हृदय दगा देईल.” पुड्यांचा काही उपयोग झाला नाही. लाल डोळे आढ्याला आणि कान दाराकडे लावून तो पडलेला, आणि बाहेर सगळं गाव चिडीचूप.

वहिनी नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी. त्या दुपारी ती त्याच्या उशाशी बसली, मी पायथ्याशी होते. म्हणाली, “आज माका सांगल्याशिवाय मी हयसून उठूचंय नाय. तुमी कसली चाहूल घेतास?”

आढ्याकडे बघतच तो बोलला. “लढाईत रातच्या पाऱ्यार माझो डोळो लागलो होतो गो... जाग इली तेवा चौकडे गप्प. माझ्या तुकडीतली तीन पोरां गेली.”

हे तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. डोळे पुसून ती एकदम म्हणाली, “म्हणान तुमी राखणीच्या दिवसांत निजतास!” पिकलेल्या भातावरची डुकरं हाकलायला तेव्हा रात्रभर शेतांतून कुकारे उठतात. एकाने ‘कू...’ केलं की पुढच्याने उत्तर द्यायचंच. कोण जागं आहे ते सगळ्यांना कळतं.

वहिनी घरापुढच्या खळ्यात गेली. भर दुपारी, भुरभुर पावसात, पदर खोचून तिने कुकारा घातला. मला वाटलं, ताप हिच्या डोक्यात गेला. उत्तर आलं नाही. तिने दुसरा घातला. तिसऱ्याला शेजारच्या बाबल्याने अंथरुणातूनच क्षीण ‘कू...’ केलं. अंगवळणी पडलेलं, दुसरं काय! मग पलीकडच्या वाडीतून आणखी कुणी.

“भायर कोण आसा?” दादाने विचारलं.

“मी आसंय. नि गाव जागो आसा. तुमी निजा.”

घसा बसेपर्यंत ती थोड्या थोड्या वेळाने ओरडत राहिली. मग कुकारे घालायला मी उभी राहिले. दादा उठला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि त्याने पेज मागितली.

गाईच्या गळ्यात घंटा परत आली. वहिनीने मात्र नेमच धरला. दादाचा डोळा लागेस्तोवर काहीतरी काम काढून आवाज करत खळ्यात बसायचं. ताप असो, पाहुणे असोत, दहा वर्षं ती त्याच्या आधी कधी झोपली नाही.

तेराव्याला पाहुणे पांगले. वहिनी दादाच्या बाजेवर येऊन बसली आणि मला म्हणाली, “माई, दार उघडा ठेय. आता माझी पाळी.” आडवी झाली आणि क्षणात झोपली. मी उंबऱ्यात बसून राहिले. तिन्हीसांजेला दिवा मीच लावला, भांडी जरा जोरातच आपटली, आणि तिला उठवलं नाही.