मुगाएवढे फुगे आणि विमानाचा पंख

माझं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी... एका पंखावरचे चाळीस दोरे एकदम गप्प झाले तेव्हा.

पंख म्हणजे विमानाच्या पंखाचं हातभर मॉडेल, सायलीच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. सायली माझ्याच वर्गात होती. म्हणजे मी सरांशी भांडून, लॅबचं दार आपटून कॉलेज सोडलं तोपर्यंत. दाराची काच फुटली होती. परत इथे पाय ठेवणार नाही, असं सगळ्यांसमोर ओरडून आलो होतो.

आता मी टेमघरला, पॅकिंगसाठी हवेच्या पिशव्या बनवतात त्या कारखान्यात सीलिंग मशीनवर असतो. सायली तिथे आली. पंख जास्त तिरका झाला की हवा त्याला सोडून देते आणि विमान खाली यायला लागतं, म्हणाली. तेवढ्यापुरते पंखावर बारीक फुगे उठवायचे, काम झालं की परत सपाट. तसे फुगे तिला माझ्याकडून हवे होते.

मी जीव ओतून बारा फुगे बनवले... सवयीने टम्म, पॅकिंगवाले.

"अरे, मला काय टीव्ही पॅक करायचाय?" ती हसत सुटली.

मी भडकलो, सगळे कापून टाकले. मग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मुगाएवढे बनवले. कुणासाठी मरमर करतोय, ते तिला सोडून अख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

त्यातला एक गळायला लागला, म्हणून मंगळवारी मलाच लॅबमध्ये जावं लागलं. शपथ गेली खड्ड्यात. ठरवलं होतं, आज मनातलं सांगूनच टाकायचं.

सरांनी दारातच गाठलं. "काय हो, दुसरी काच फोडायला आलात?"

कान तापले. पण सायलीने माझी बाही धरली... तसाच आत शिरलो.

मी गळका फुगा बदलला. काचेच्या लांब पेटीत पंख ठेवला, टोकाला हवा ओढणारा भलामोठा फॅन. हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून पंखावर, लूमवर कापड विणतात त्या सुताचे चाळीस तुकडे चिकटवलेले. "दार लावून घ्या. जराशा झुळकेनेही दोरे हलतात," सर म्हणाले.

सायलीने पंख तिरका केला. दोरे पिसाळले, उलटेसुलटे फडफडायला लागले. तिने पंप दाबला... माझे फुगे उठले, नीट दिसलेसुद्धा नाहीत. आणि सगळे दोरे मागे वळून सरळ झोपले. लूमवर ताणलेल्या सुतासारखे!

मी काचेला नाक लावलं. हवा तीच, फॅन तोच. तिला पंखाला धरून राहायला एवढंसंच काहीतरी हवं होतं.

"फुगे कोणी केले?" सरांनी विचारलं.

"याने, सर." माझी बाही पुन्हा तिच्या हातात होती.

सरांनी वाकून पेटीतले फुगे निरखले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत ॲडमिशनचा फॉर्म ऑफिसात मिळतो. आजच घे."

मनातलं राहिलंच. तिचे डोळे दोऱ्यांवर होते, मध्ये बोलवेना. सायली, त्या दिवशी हसलीस म्हणून थँक्यू... आणि इथवर वाचलंयस, तर बाकीचं कळलंच असेल.

फॅन चालूच होता. मी बाहेर आलो आणि दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू, दार लावलं.