समुद्रातून वर आलेली शाळा

सकाळपासून वारा मेला होता. समुद्र गार पडलेल्या कढईतल्या तेलासारखा निपचित. डोमिनिका बेटावर असल्या शांततेवर कुणी विश्वास ठेवत नाही. वादळाची वर्दीच ती. ओडेट लारोंद हातांना तेल चोळून पडवीत अळकुड्या सोलायला बसली, तोच मावसभाऊ फिल्बर्टचा फोन.

“अक्का, तुझ्या नकाशानं आपली शाळा बुडवली! आता मास्तरणीला पोहायला मी शिकवू?”

“चढलीय का सकाळीच? नीट सांग.”

“वादळात आसऱ्याच्या जागांची यादी निघालीय, त्यात शाळा नाही. आपत्ती कचेरीतला साहेब म्हणतो, नकाशावर तिथं पाणी दिसतंय. बाराला यादी पक्की. मग म्हातारीकोतारी घेऊन आम्ही डोंगर चढायचा?”

ओडेटनं हात पुसले. भूमापन कचेरीत तिनं सव्वीस वर्षं नकाशे काढले होते. आता संगणकावर सगळ्या खात्यांचा मिळून एकच खुला नकाशा होता. रस्तेवाले, पाणीवाले, जो तो आपला कागद त्यावर चढवी. गोधडीसारखे थर एकावर एक बसत. कुणाच्या बापाचा नाही, म्हणून सगळ्यांचा.

“पाणीखात्यातल्या पोरट्यांनी घाण केली असणार,” असं पुटपुटत तिनं लॅपटॉप उघडला. बघते तर अख्खं गाव किनाऱ्यापासून तीनशे मीटर आत समुद्रात! चर्च, शाळा, फिल्बर्टचं रमचं दुकानसुद्धा. कागद कुणी चढवला? नाव आलं: ओ. लारोंद.

तिनं तो कागद उघडून बघितला. कागद जुना, त्याची मोजणी जुन्या खुणेपासूनची. ‘मोजणी कोणती?’ हा रकाना तिनं कोरा सोडला होता. अख्ख्या बेटाला ठाऊक असलेली गोष्ट काय लिहायची! पण यंत्र काही बेटावर वाढलं नव्हतं. त्यानं आपली उपग्रहावरची नवीच मोजणी धरली, अन् सगळं तीनशे मीटर सरकलं.

तिनं रकाना भरला. गाव निमूट किनाऱ्यावर आलं. शेऱ्यात आधी ‘जागा सरकली होती’ लिहिलं. मग ते खोडून, साऱ्या बेटाला दिसेल असं लिहिलं: ‘चूक माझी. ओ. लारोंद.’

साहेबाला फोन लावला. “परत बघा.”

“आली की वर! सुकलीय का पण?”

“यादीत घाला आधी. थट्टा मागनं.”

घातली. बाराला वीस मिनिटं होती.

“अन् माझं दुकान?” फिल्बर्टनं पुन्हा फोन करून विचारलं.

“आलं तेही. बुडालेलंच बरं होतं.”

पुसलेल्या हातांना आता खाज सुटली होती. ओडेटनं पुन्हा तेल चोळलं आणि उरलेल्या अळकुड्या पुढ्यात ओढल्या.