धोंड्याच्या महिन्यातला कोरडा शर्ट

मला घाम येतो. थोडाथोडका नाही, मे महिन्यात मी उठलो की खुर्चीवर माझा नकाशा उरतो! यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी आठवीच्या मुलांना शिकवायचोसुद्धा. (मी सिडकोतल्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर होतो.) अंग तापलं की घाम येतो, तो वाळताना अंग गार होतं आणि आतलं तापमान जिथल्या तिथे राहतं. मुलं लिहून घ्यायची. मी आधी फळा पुसायचो, मग कपाळ.

पण माझे साडू दिनकरराव! मनमाडला रेल्वेत नोकरी. हा माणूस भर दुपारी एसटीत उन्हाच्या खिडकीशी बसून पंचवटीत सासुरवाडीला यायचा, आणि शर्टाची इस्त्री जशीच्या तशी! सासूबाई दारातच म्हणायच्या, "बघा बाई, दिनकरराव कसे टवटवीत!" मग माझ्याकडे बघून आत हाक, "अगं, यांना टॉवेल दे!"

जळायचो मी. सरळ सांगतो, जळायचो! बारा वर्षांत सासूबाईंनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. एकदाच, फक्त एकदाच मला ते ऐकायचं होतं.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा मान. आम्हा दोघांना एकाच दिवशी जेवायचं आमंत्रण. मी ठरवलं, आज कोरडं जायचं. टाकीत पाणीच नसलं तर नळ गळेल कुठून? सकाळपासून थेंबभर पाणी प्यायलो नाही. चहासुद्धा नाही! वर अर्धा डबा पावडर अंगाला थापली.

"अहो, पाणी तरी प्या," बायको म्हणाली.

"उपास आहे."

"जेवायला चाललोय आपण!"

पोचलो तर लोडशेडिंग, पंखे बंद. पण शर्ट कोरडा! सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"अगबाई! जावईबापू, आज चक्क टवटवीत!"

मला आभाळ ठेंगणं झालं. शेजारी दिनकरराव तांब्याने घटाघट पाणी पीत होते.

"घेता का, दादा?"

"छे! मला लागतच नाही."

पानात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. पहिला धोंडा घशात अडकला. दुसरा त्याला भेटायला गेला. कान वाजू लागले. मग मला दोन सासूबाई दिसायला लागल्या. (दोघी माझं कौतुक करत होत्या, म्हणून मी तक्रार केली नाही.) शेवटी औक्षणाला पाटावर बसलो. आधी तबक फिरलं, मग घर फिरलं, आणि मी थेट दिनकररावांच्या मांडीवर!

डोळे उघडले ते गल्लीतल्या दवाखान्यात. हाताला सलाइन.

"सर," डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी आटलं की घाम थांबतो. मग उष्णता बाहेर जाणार कशी? माझा मुलगा तुमच्याच वर्गात होता. हेच लिहिलं नाही म्हणून तुम्ही त्याचे पाच मार्क कापलेत!"

बायको रडत होती. सासूबाई पदराने वारा घालत म्हणाल्या, "दिनकररावांनी खांद्यावर टाकून आणलं हो तुम्हाला! दोन जिने उतरून, भर उन्हात, धावत!"

माझे ओठ हलले. सगळे काळजीने खाली वाकले.

"त्यांना... घाम आला का?"

"छे हो!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "एक थेंब नाही!"

मी डॉक्टरांचा हात धरला. "डॉक्टर, मला परत बेशुद्ध करता येईल का?"