गावानं भरलेली फी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगायचं ठरवल्यापासून छाती अशी धडधडतेय, जणू मॅट्रिकचा निकाल आजच लागलाय!

तो निकाल! कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडचं आमचं भातशेतीचं गाव. तिथला मॅट्रिक झालेला पहिला मुलगा मी. कर्जतहून धावतच घरी आलो. पण मुंबईच्या कॉलेजची फी कोण भरणार? वडील म्हणाले, बाप मी आहे, बैल विकतो. मामा म्हणाले, खालापूरकडचा सासरा बघू, तो भरील. दोघं हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात सखाराम पाटील ओट्यावर चढले.

"भांडताव कशाला रं? पोरगा गावाचा हाय. गाव शिकवील त्याला. शिकून त्यानं हितंच शाळा घालायची, बास!"

देवीपुढचा भंडारा उचलून मी शपथ घेतली — परत येईन, इथल्या पोरांना शिकवीन. मनापासून घेतली का? हो. त्या क्षणी तरी — हो.

मग दर साली भात झोडून झालं, की प्रत्येक घर माझ्या नावानं थोडं बाजूला काढी. ते कर्जतच्या बाजारात विकून पाटील फी पाठवीत. आणि मी? काय दिवस होते ते! समुद्र, रस्त्यावरचे गॅसचे दिवे, मित्रांशी तावातावानं घातलेले वाद! सुट्टीत आलो की मी बोलत राही आणि सारं गाव तोंडाकडे बघत ऐके.

बी.ए. झालो. मुंबईतल्या एका कचेरीत जागा मिळाली. कुणालाही न विचारता होकार दिला, आणि मग गावी निघालो — खरं ते सांगायला. निदान वाटेत तरी मनाशी तसंच म्हणत होतो.

वेशीवरच पाटलांनी हात धरला आणि जवळजवळ ओढतच देवळामागं नेलं. तिथं नवी कोरी शाळा उभी होती! कुडाच्या भिंती, ओलं सारवण, वर ताजा पेंढा. सगळे एकदम बोलत होते, हसत होते.

"मास्तर, बसा की!" पाटील म्हणाले. मला जन्मभर 'अरं' म्हणणारे पाटील.

आणि मी म्हणालो — सरकारचा हुकूम आलाय. मला मुंबईतच नेमलंय. नाही म्हटलं, तर तुरुंगात घालतील.

तुरुंग! कुठून आला तो शब्द तोंडात?

मग पाटलांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "सरकारपुढं आपलं काय चालनार? तुझा दोष नाय, लेकरा. तू जीव सांभाळ." एक म्हातारी रडायला लागली — माझ्यासाठी!

हुकूम नव्हता. मला कुणी अडवलं नव्हतं. मला मुंबई हवी होती, इतकंच. शाळा काही उघडली नाही. पुढं तिथं गुरं बांधू लागले. पाटील मात्र मरेपर्यंत लोकांना सांगत राहिले, की आमच्या पोराला सरकारनं सोडलं नाय. मी ते कधी खोडलं नाही.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी परतीच्या गाडीत बसलो, तेव्हा मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. गाडी हलली आणि मला आनंद झाला — इतका, की नेरळ येईपर्यंत मी गुणगुणत होतो.