गाळलेलं वाक्य

रशियन भाषा मी हौसेने शिकले नाही, नोकरीसाठी शिकले. पुण्यात बी.ए. करता करता संध्याकाळचा डिप्लोमा केला, कारण त्या काळी सोव्हिएत इंजिनिअर आलेल्या कारखान्यांत दुभाष्यांना बरी नोकरी मिळायची. मलाही मिळाली. एका बाजूला आमचे फोरमन, दुसऱ्या बाजूला त्यांचे इंजिनिअर आणि मध्ये मी, अशी पाच वर्षं काढली. रशियन साहेब लालबुंद होऊन विचारायचे, "हा व्हॉल्व्ह कुठल्या गाढवाने बसवला?" मी फोरमनला सांगायची, "साहेब म्हणतायत, व्हॉल्व्ह जरा पुन्हा बघता का?" फोरमन साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि मी साहेबांना सांगायची, "लगेच बघतो म्हणतात." पाच वर्षांत एकदाही हातघाईवर प्रकरण आलं नाही. मॅनेजर चारचौघांत म्हणायचे, हिच्या जिभेवर साखर आहे. मला त्याचा भारी अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला सांगू.

मग लग्न झालं आणि मी लंडनच्या दक्षिण टोकाला, क्रॉयडनला आले. इथे माझ्या रशियनला कुत्रंही विचारत नव्हतं. कौन्सिलच्या लायब्ररीत काउंटरवर पुस्तकांवर शिक्के मारायची नोकरी मिळाली, ती मी आनंदाने केली. दहाएक वर्षं रशियनचा एक शब्द बोलले नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सोव्हिएत युनियन मोडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, एक सत्तरीकडे झुकलेल्या बाई लायब्ररीत आल्या. डोक्याला रुमाल, हातात जाळीची पिशवी. माझ्या सहकारिणीला त्या हातवारे करून काहीतरी विचारत होत्या आणि ती बिचारी त्यांना टॉयलेटचा रस्ता दाखवत होती. मी पुढे होऊन रशियनमध्ये म्हटलं, "आदरणीय नागरिक, मी आपली काय सेवा करू शकते?" बाई आधी दचकल्या, मग इतक्या मोठ्याने हसल्या की वाचनाच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. नंतर म्हणाल्या, "तू बोललीस आणि मला एकदम कारखान्याच्या मीटिंगला बसल्यासारखं वाटलं." माझी रशियन तशीच होती. मशीनच्या गॅस्केटला काय म्हणतात ते येत होतं, खोकल्याला काय म्हणतात ते आठवावं लागायचं.

त्या युक्रेनमधल्या खारकोव्हच्या. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. मुलीने इंग्रज माणसाशी लग्न केलं होतं, तिच्याकडे राहायला आल्या होत्या. रशियन रीतीप्रमाणे मी त्यांना त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची. मनात मात्र त्या माझ्यासाठी नुसत्या "बाई" होत्या. शिकवणाऱ्या बाईला आपण दुसरं काय म्हणणार?

बाईंना हवा होता एक भरवशाचा माणूस, जो डॉक्टरचं बोलणं त्यांच्या भाषेत सांगेल. ऐकायला सोपं वाटतं. एका दुकानाच्या खिडकीत रशियन अक्षरांतली चिठ्ठी बघून त्यांनी एका गृहस्थांना बोलावलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारला की ते बाईंना न विचारताच उत्तर द्यायचे आणि वर औषधही सुचवायचे. मग रविवारी चर्चमध्ये भेटलेली एक बाई गाठली. तिने भाषांतर चोख केलं, पण पुढच्या रविवारी चहाच्या टेबलावर ओळखीपाळखी नसलेल्या तीन बायकांनी बाईंकडे त्यांच्या पित्ताशयाची चौकशी केली. हे ऐकून मला हसू आवरेना. आमच्यात काय वेगळं होतं? लंडनच्या दुसऱ्या टोकाला, एजवेअरला कुणाच्या घरी हळदीकुंकवाला कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे क्रॉयडनला आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलेलं असायचं.

"आणि तुमची मुलगी?" मी विचारलं.

"ती बेसिंगस्टोकला कंप्युटरच्या कंपनीत जाते. पहाटे निघते, रात्री येते. शिवाय डॉक्टर दहा मिनिटं बोलले की ती मला सांगते, 'सगळं ठीक आहे, ममा.' दहा मिनिटांचं एक वाक्य कसं होतं?" बाई माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "तू आमच्यातली नाहीस. तू कुणाला सांगणार? म्हणून तू चल."

माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण हे, की मी परकी होते. पण मला आतून फार बरं वाटलं. दहा वर्षं शिक्के मारल्यावर कुणाला तरी माझी जीभ हवी होती.

दोन-तीनदा मी त्यांच्याबरोबर गेले, सगळं सुरळीत झालं. मग छातीत गाठ लागली म्हणून त्यांना हॉस्पिटलमध्ये पाठवलं, तिथे तपासण्या झाल्या आणि निकाल ऐकायला आम्ही दोघींनी जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. नोकरी नवीन, रजा मिळत नव्हती. रडवेल्या आवाजात म्हणाली, "काही वाईट असलं तर तो शब्द तिच्यासमोर उच्चारू नका. आमच्याकडे पेशंटला सांगत नाहीत. आजीलाही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. ती खचेल."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या वडिलांना, दादांना, आम्ही अल्सर सांगितला होता. डॉक्टर, आई, काका, आम्ही भावंडं, सगळ्यांनी मिळून. दादा शेवटच्या आठवड्यातही विचारत होते की पथ्य एवढं पाळतोय तर अल्सर बरा का होत नाही. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, होईल हो. यालाच आमच्या घरी प्रेम म्हणत.

इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. हे मिस्टर उंच, सडपातळ, बोलायला स्पष्ट. त्यांनी खुर्ची बाईंच्या समोर ओढली, माझ्याकडे न बघता बाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं. कॅन्सर आहे. फार पसरलेला दिसत नाही. तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करायला हवं, स्तन काढावा लागेल. थांबलो तर पुढे माझ्या हातात काही राहणार नाही. मला वाईट वाटतं, पण तुम्हाला हे माहीत असायला हवं.

"काय म्हणतात?" बाईंनी मला विचारलं.

"गाठ आहे," मी म्हणाले. "काढून टाकलेली बरी, म्हणतात."

"एवढंच? ते तर बराच वेळ बोलत होते."

"इंग्रज माणूस आहे. हवापाण्यापासून सुरुवात करतात."

बाई हसल्या. मिस्टर चमकून बघायला लागले. बाई मला म्हणाल्या, मग घाई कशाला, मी आधी घरी जाऊन येते. बहीण एकटी आहे, तिच्याबरोबर बागेतली सफरचंदं उतरवायची आहेत, फ्लॅटचं काहीतरी बघायचं आहे, नव्या वर्षात करू. मी हे मिस्टरांना इंग्रजीत सांगितलं, हे मात्र अगदी शब्दाला शब्द. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी काय सांगितलं ते त्यांना समजलं आहे का?"

"हो," मी म्हणाले. "व्यवस्थित समजलंय."

त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. तोंडावर मी तेच कारखान्यातलं हसू ठेवलं होतं.

बसमध्ये बाई खुशीत होत्या. खिडकीतून दिसणाऱ्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. तिने दहादा आभार मानले आणि म्हणाली, ऑपरेशनला मी तिला तयार करते. पण जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला कारण न देता तयार कसं करणार? बाई विचारायच्या, काळजीचं काही नाही तर घाई का, आणि घाई आहे तर काळजीचं काय आहे ते सांग. आठवड्याच्या शेवटी बाईंनी तिकीट काढलं. तीन महिन्यांसाठी.

मी ह्यांच्यापाशी मन मोकळं केलं. हे पेपरात डोकं घालून म्हणाले, "अगं, तू थोडीच क्वालिफाइड इंटरप्रिटर आहेस? फॅमिलीने सांगितलं, तू केलंस. आता तू त्यात पडू नकोस. उगाच कौन्सिलला कळलं तर नोकरीला ट्रबल."

"अहो, पण त्या मरतील!"

बोलल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

त्यानंतर चार दिवस मी रोज ठरवत होते की उद्या सांगायचं, आणि रोज काहीतरी कारण काढत होते. भित्री होते, दुसरं काय! पाचव्या दिवशी बाईच लायब्ररीत आल्या. हातात हॉस्पिटलचं पत्र. "मुलीला दाखवलं नाही," त्या म्हणाल्या. "ती पुन्हा दोन शब्दांत गुंडाळून टाकेल. तू वाच. तू काही गाळत नाहीस."

मागच्या खोलीत किटली आणि दोन खुर्च्या होत्या, तिथे मी त्यांना नेलं. पत्र मिस्टरांनी मुद्दाम लिहिलं होतं. बाईंचा निर्णय ऐकून त्यांना चैन पडलं नव्हतं हे दिसत होतं. तो शब्द दुसऱ्याच ओळीत होता. मी एक एक वाक्य वाचलं आणि एक एक वाक्य रशियनमध्ये सांगितलं. जिथे शब्द येईना तिथे थांबून दुसरा शोधला, पण काही सोडलं नाही.

बाई म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"त्या दिवशीही त्यांनी हेच सांगितलं होतं?"

"हो."

"आणि मी हसले."

"हो."

"मी हसले तेव्हा तुला काय वाटलं?"

इतक्या सरळ प्रश्नाला मला सरळच उत्तर देता आलं. "बरं वाटलं. तुम्ही घाबरला नाहीत म्हणून."

त्यांनी पत्रावरच्या सहीवर बोट ठेवलं. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाल्या, "मुलांचं उत्तर चुकलं तर मी कधी रागवायची नाही. पायरी गाळून उत्तर लिहिलं की मात्र मी वही फेकायची." मला रडू फुटलं. मी माफी मागितली, मुलीचं नाव पुढे केलं नाही. तेवढी अक्कल मला होती. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. किटलीशेजारच्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हॉस्पिटलला फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

मी फोन लावला आणि नर्सला सांगितलं की पेशंटला पूर्ण सांगितलं गेलं नव्हतं, दोष माझा आहे, त्यांना ऑपरेशन हवं आहे. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी इंग्रजीत काय बोलतेय हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता, आणि हे आमच्या दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

फोन ठेवून मी विचारलं, "तुमच्यासाठी दुसरं कुणी शोधू का?"

"कोण आहे?" त्या म्हणाल्या. "तूच ये."

मुलीला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तिकीट रद्द झालं, ऑपरेशन दोन आठवड्यांत झालं. त्या दिवसांत मी रोज गेले. बाई आता डिक्शनरी आणि वही घेऊन बसायच्या. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं की डॉक्टरने एक वाक्य बोलायचं, मग थांबायचं, मग मी बोलायचं. नर्स कधी तीन वाक्यं सलग बोलली तर बाई हात वर करून तिला थांबवायच्या, वर्गात थांबवावं तसं. माझ्याशी त्या चांगलं वागत होत्या. मी नेलेली मुगाची खिचडी खायच्या, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायच्या. मला वाटायला लागलं की झालं ते मागे पडलं.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी मिस्टर स्वतः वॉर्डात आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की बातमी चांगली आहे. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला चांगलं काही सांगायचं होतं. "सगळं निघालं आहे," त्यांनी सांगितलं आणि आता सवय झाल्याप्रमाणे थांबले. मी रशियनमध्ये सांगितलं. "बगलेत तपासलं, तिथे काही सापडलं नाही." मी सांगितलं. "मी फार समाधानी आहे." तेही सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. "हे ते म्हणाले," त्यांनी हळू विचारलं, "की तू?"

"ते म्हणाले," मी म्हणाले. "शपथ."

त्यांनी मान हलवली, मला दुखवायचं नाही म्हणून हलवतात तशी. मग उशीवर जरा उठून बसल्या आणि मिस्टरांकडे वळल्या. एवढ्या महिन्यांत मी त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. "मिस्टर," त्या म्हणाल्या. "गुड? ट्रू गुड?"

मिस्टर क्षणभर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मग त्यांनी वाकून बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "येस. ट्रू. गुड."

तेव्हा बाई रडल्या. सत्तर वर्षांचं माणूस असं रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांना कवेत घ्यावं असं मला फार वाटलं, पण माझ्या सांगण्याने त्यांना रडू आलेलं नव्हतं. त्यांची वही पलंगावरून घसरत होती, ती मी उचलली आणि त्यांचं रडणं आवरेपर्यंत हातात धरून उभी राहिले.