कमलबाईंना हवं असलेलं लेझर

माझ्या सासूबाईंना, म्हणजे कमलबाईंना, धाकट्या जावेचं कौतुक झालेलं खपतच नाही. या जावेच्या, म्हणजे हेमलताकाकूंच्या, दातांत थंड खाल्लं की कळ जायची, म्हणून त्यांनी धुळ्याला लेझर करून घेतलं. मग नात्यातल्या एका लग्नात त्यांनी सगळ्यांसमोर कुल्फी चावून खाल्ली. झालं! घरी येताच सासूबाईंचेही दात ठणकू लागले.

मी मुकाट्याने अमळनेरहून त्यांना एसटीने धुळ्याला नेलं. त्याच दवाखान्यात बसल्या बसल्या त्यांनी सवयीने बटव्यातून अख्खी सुपारी काढली आणि दातांनी कडकन फोडली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले.

“अक्का, असे दात असताना लेझर कशाला?”

सासूबाई अहिराणीत फणकारल्या, “दात चांगला शेतस, माले माहीत शे. पन हेमलताले करं ना, मंग माले बी करा!”